नटावरची पांढरी रेघ

दुबईत मी हीटर दुरुस्त करतो असं सांगितलं की वसईत लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे. शर्लीने मान डोलावली की मग हसतात. मागच्या सुट्टीत एका साखरपुड्यात माझा चुलतभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "मायकल, तुझ्या वाळवंटात हीटर घेतं कोण रे? उंटांना थंडी वाजते?" मीही हसलो. नाताळ अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, वाचकांना गंमत वाटेल" असं कळवलं तेव्हा त्यांच्याही मनात हेच असणार. गंमत आहेच. पण मला जी हकिकत सांगायची आहे तिच्यात ती थोडीच आहे, आणि त्या हकिकतीत मी काही चांगला दिसत नाही.

आधी काम समजावून सांगतो. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, बाकडी, ओटा, संडास, न्हाणी. आमची कंपनी अशा गाड्या भाड्याने देते. उन्हाळाभर त्या जबल अलीच्या यार्डात झाकून उभ्या असतात. नोव्हेंबर लागला की फोन सुरू होतात. लोक गाडी घेऊन वाळवंटात जातात, समुद्रकाठी जातात, आणि सगळ्यात जास्त रास अल खैमाच्या डोंगरावर, जबल जैसला जातात. हिवाळ्यात तिथे असा वारा सुटतो की कानटोपी शोधावी लागते. इथे जन्मलेल्या मुलांना थंडी वाजणं हीच मौज. पण झोपायची वेळ झाली की त्याच थंडीचा बंदोबस्त हवा असतो. तो माझा हीटर करतो.

आम्ही त्याला फर्नेस म्हणतो. नाव भट्टीचं असलं तरी आकार लहान ट्रंकेएवढा, आणि जागा बाकड्याच्या खाली. त्याचं काम ठरलेल्या क्रमाने चालतं. आधी पंखा फिरतो. वारा पुरेसा आहे अशी एका छोट्या स्विचची खात्री पटली की गॅस सुटतो, मग ठिणगी पडते, मग ज्योत लागते. ज्योत बंद डब्यात जळते, तिचा धूर नळीने गाडीच्या बाहेर जातो, आणि पंखा घरातली हवा ओढून त्या तापलेल्या डब्यावरून फिरवून परत घरात सोडतो. यातली एक पायरी चुकली की पुढची होत नाही, पंखा मात्र फिरत राहतो. त्यामुळे "हीटर थंड हवा फेकतोय" अशी तक्रार येते तेव्हा हीटर बंद पडलेला नसतो, मध्येच कुठेतरी अडलेला असतो. कुठे अडला ते शोधायचं, यालाच माझा पगार.

शोधण्याची रीत सोपी आहे. आधी ओट्यावरची शेगडी पेटवून बघायची. ती पेटली तर गॅस आहे. मग बॅटरी मोजायची, कारण बॅटरी उतरली की पंखा रेंगाळतो आणि त्या स्विचची खात्री पटत नाही. मग बाहेरच्या नळीत बोट घालायचं; गांधीलमाश्या तिथे मातीचं घर करतात. मग पंख्यातली वाळू. सर्किटचा बोर्ड सगळ्यात शेवटी. घाईतला मेकॅनिक आधी बोर्ड बदलतो. मीही कितीदा बदलला आहे.

आणि या सगळ्याआधी एक पायरी असते, ती कुठल्या पुस्तकात नाही. गिऱ्हाइकाचं बोलणं खरं धरायचं नाही. "आम्ही काहीच केलं नाही" हे वाक्य मी मराठी, हिंदी, इंग्रजी आणि अरबीतून ऐकलं आहे. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागात राहणारे एक पुण्याचे इंजिनियर गृहस्थ मला अगदी समजावून सांगत होते, "अहो, बॅटरी उतरेलच कशी? मुलांनी थोडा टीव्ही बघितला, बस." त्यांचा मुलगा मागून म्हणाला, "अँड द पॉपकॉर्न मशीन, डॅड. अँड मॉम्स हेअर ड्रायर." गृहस्थ त्याच्याकडे असे बघत राहिले की मीच विषय बदलला.

अशा कामात माणूस संशयी होतो. मला त्याचा अभिमान वाटायचा. दुसरा मेकॅनिक जिथे ऐकून घेतो तिथे मी मोजतो, असं मी लोकांना सांगत असे. ते खरंही होतं, पण यंत्रांच्या बाबतीत.

मागच्या हिवाळ्यात आमची सगळ्यात मोठी गाडी सारखी तक्रारी घेऊन परत यायला लागली. तक्रार एकच: आधी गरम हवा येते, थोड्या वेळाने थंड. गाडी यार्डात आली की मी हीटर लावायचो आणि तो उत्तम चालायचा. तासन्‌तास चालायचा. वर्कशॉपमध्ये न दिसणाऱ्या बिघाडाइतका मेकॅनिकचा अपमान कशानेच होत नाही. मी थर्मोस्टॅट बदलला, स्विच बदलला, शेवटी बोर्डही बदलला. पुढचं गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं, "पहले गरम, फिर ठंडा."

आधी गरम आणि मग थंड, याचा सगळ्यात सोपा अर्थ म्हणजे गॅस संपला. आणि गॅसचा सिलिंडर ज्याच्या हाती असायचा त्याचं नाव विलास.

विलास गुहागरकडचा. माझ्याच वयाचा, डोक्यावर थोडे जास्त पांढरे केस. जबल अलीतच लेबर कॅम्पात राहतो. गाडी धुणं, आतली साफसफाई, पलंगावरच्या चादरी, सिलिंडर जोडणं, सगळं तो करायचा. गाडी यार्डातून निघायच्या आधी आत शेवटचा माणूस तोच, आणि परत आल्यावर आत शिरणारा पहिलाही तोच. कमी बोलायचा. त्याच वर्षी कंपनी त्याला मोठ्या गाडीचं लायसन्स काढून देत होती. टेस्ट पास झाला असता तर साफसफाईतून सुटून ड्रायव्हर झाला असता. इतक्या वर्षांत त्याने स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट होती, असं तोच एकदा बोलून गेला होता.

परत आलेला सिलिंडर तो काढून ठेवायचा. मी विचारायचो, "किती गॅस उरला होता?"

"भाऊ, जड आहे ओ. भरलेलाच आहे जवळजवळ."

भरलेला कसा असेल? गिऱ्हाईक थंडीने कुडकुडलं आणि सिलिंडर भरलेला? मी मनात उत्तर तयार केलं: जाताना अर्धा रिकामा जोडतो, आल्यावर भरलेला दाखवतो. मधला गॅस कॅम्पात जात असणार, तिथे स्वयंपाक होतोच. सिलिंडर काट्यावर ठेवला असता तर तेव्हाच सगळं कळलं असतं. काटा स्टोअरमध्ये होता. मी ठेवला नाही. मला वजन नको होतं, माणूस पकडायचा होता.

त्याऐवजी मी दुसरी युक्ती केली. इंजिनाचे नट आवळले की त्यावर रंगाच्या पेनाने रेघ मारायची आमची पद्धत आहे; अर्धी नटावर, अर्धी खालच्या भागावर. नट कोणी सैल केला तर रेघ तुटलेली दिसते. सिलिंडरला पाइप जोडायचा नट मी स्वतः आवळायला लागलो आणि त्यावर पांढरी बारीक रेघ मारायला लागलो. विलासला काही सांगितलं नाही.

जेवताना घरी बोललो. अल नहदाला आमचा फ्लॅट आहे, जेवायला आम्ही तिघं. शर्लीने विचारलं, "तू त्याला गॅस काढताना बघितलंस?"

"नाही."

"दुसऱ्या कोणी?"

"नाही, पण सगळं त्याच्याकडेच जातंय ना."

मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "डॅड, दॅट्स नॉट एव्हिडन्स. दॅट्स अ व्हाइब."

मी तिला गप्प जेवायला सांगितलं.

त्यानंतर एका दुपारी मी डबा खात असताना विलास दारात येऊन उभा राहिला. "भाऊ, जरा येता? सिलिंडरच्या नटाकडून वास येतोय. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा धरतोय."

"मग आवळ की! पाना नाही तुझ्याकडे?"

"आहे. पण तुम्हीच या."

मी डबा तसाच ठेवून गेलो. पाव फेरा आवळला, बुडबुडा गेला. नवी रेघ मारली. आणि त्याला बोललो, "इतकी वर्षं झाली, एक नट आवळता येत नाही? की उगाच मला उठवायचं?" त्याने पाना पुसून जागेवर ठेवला. माझा संशय मात्र वाढला. मला वाटलं, हा आपल्याला साक्षीदार करून ठेवतोय. म्हणजे उद्या काही निघालं तर नट मायकलने आवळला होता असं सांगायला मोकळा.

मग मी ते वाक्य बोललो. आमचे ऑपरेशन मॅनेजर बिजू साहेब, केरळचे. त्यांना वरून बोलणी बसत होती. एका सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मायकल, एक ही गाडी, रोज वही कंप्लेंट. क्या है ये? मशीन में है कि आदमी में?"

मशीन में नहीं है, असं मी म्हणालो. "फिर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सर, गाडीला शेवटचा हात विलासचा लागतो."

एवढंच. चोर म्हटलं नाही. पण बिजू साहेबांनी पेन खाली ठेवलं, आणि ते काय समजले ते मला कळलं, आणि मी दुरुस्त केलं नाही. ते म्हणाले, "ठीक है. एक बार और कंप्लेंट आया तो उसका खलास. व्हिसा कॅन्सल, तिकीट देके भेज दूँगा." लायसन्सची टेस्ट त्यांनी त्याच दिवशी थांबवली. विलासला कारण सांगितलं नाही. मी केबिनमधून बाहेर आलो तेव्हा तो त्याच गाडीचं पायपुसणं झटकत होता आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चहा घेता, भाऊ?" मी घेतला.

त्याच आठवड्यात गाडी अबू सईद नावाच्या अमिराती गृहस्थांकडे गेली. वयस्कर, गोड माणूस, घरच्या बायकामुलांसह दर हिवाळ्यात येणारा. संध्याकाळ होते न होते तोच जबल जैसवरून त्यांचा फोन आला. हिंदी झकास बोलतात, आणि आमच्यातल्या कुणालाही रफीक, म्हणजे दोस्त, म्हणतात. "रफीक, मैंने हीटर का बोला था. तुम लोग एसी दिया है."

बिजू साहेब म्हणाले, "तुम दोनों जाओ. अभी." मला बाजूला घेऊन म्हणाले, "देख लो अच्छे से. फिर मुझे बोलना, बस." विलासचं तिकीट माझ्या एका फोनवर आहे, हे मला आणि त्यांना माहीत होतं. मला वाटलं होतं की विलासला माहीत नाही.

पिकअप मी चालवत होतो. रस्ता लांब. तो एकदाच बोलला. "भाऊ, माझी टेस्ट का थांबवली, काही कानावर आलं?"

"नाही बा," मी म्हणालो.

वर पोहोचलो तेव्हा वारा अंगात शिरत होता. अबू सईद दारातच शाल पांघरून उभे. "यल्ला, यल्ला, अंदर आओ." पण मी आत गेलो नाही. आधी सिलिंडरच्या कप्प्याकडे गेलो, टॉर्च मारला. विलास माझ्या मागेच होता.

रेघ सलग होती. अजिबात हललेली नव्हती. सिलिंडर हलवून बघितला, जड, भरलेला. खरं सांगतो, मला आधी वाईट वाटलं. सुटलो असं वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं, कारण माझं गणित चुकलं होतं. मग लाज वाटली. क्रम तोच होता.

शेगडी पेटली. बॅटरी चांगली. बाहेरची नळी मोकळी. मी हीटर लावला आणि बाहेर नळीपाशी हात धरून उभा राहिलो. पंखा फिरला, ज्योत लागली, नळीतून गरम धूर आला. थोडा वेळ गेला. आणि एकदम धूर गार पडला. आत पंखा चालूच. अबू सईद आतून ओरडले, "देखो! फिर एसी!"

गॅस असताना, बॅटरी असताना जळती ज्योत अशी मध्येच विझते ती एकाच कारणाने. डब्याला एक सुरक्षा स्विच असतो. डबा प्रमाणाबाहेर तापला की तो गॅस तोडतो. म्हणजे आमचा हीटर थंड हवा फेकत होता तो जास्त गरम होतो म्हणून. आणि डबा तापतो कधी? त्याच्यावरून हवा फिरत नाही तेव्हा. पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही तेव्हा.

मी बूट काढून आत गेलो, आणि दारातच थांबलो. आत मजलिस, म्हणजे अरबी बैठक, मांडली होती. जाड लाल गालिचे भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यावर बसायच्या गाद्या, आणि बाकड्यांना टेकवून लावलेले भरगच्च लोड. कोपऱ्यात अबू सईदांच्या मातोश्री एका लोडाला पाठ टेकून, ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून बसल्या होत्या. त्यांच्या पाठीमागे, त्या लोडाच्या मागे, बाकड्याच्या फळीला हवा आत घ्यायची जाळी होती. मी बांधणीपासून ओळखतो ती गाडी, मला जाळी डोळे मिटून सापडते. पण ती कोणाला दिसत नव्हती.

मजलिस सेटअप हे त्या वर्षीचं नवं पॅकेज होतं. अमिराती लोकांना टेबल-खुर्ची नको असते, घरच्यासारखं खाली बसायचं असतं. मोठ्या गाडीतच जागा होती म्हणून ते फक्त तिच्यात. गालिचे-लोड विलास लावायचा, आणि इतके नीट लावायचा की ऑफिसने त्याचे फोटो जाहिरातीत घेतले होते. पण ते मी गाडीत लावलेले कधीच बघितले नाहीत. का, ते सांगतो. आमच्या यार्डात परत आलेली गाडी आधी साफसफाईला जाते, मग वर्कशॉपला. गालिचे लाँड्रीला, लोड स्टोअरला, आणि रिकामी चकचकीत गाडी माझ्याकडे. हा क्रम मीच लावून घेतला होता. बिर्याणीची शितं पडलेल्या गाडीत मी गुडघे टेकणार नाही, असं मी एका मीटिंगमध्ये भांडून सांगितलं होतं. म्हणजे बिघाड आधी धुऊन काढायचा, आणि मग तो मला का दिसत नाही म्हणून माणसावर संशय घ्यायचा, असं आमचं चाललं होतं.

विलासने मातोश्रींना हात देऊन दुसऱ्या बाजूला बसवलं आणि लोड ओढला. जाळीला हात लावून तो माझ्याकडे वळला. "हे मी लावलं," तो म्हणाला. "भाऊ, हे मीच लावलं."

थोड्याच वेळात गाडी उबदार झाली. मातोश्रींनी ब्लँकेट बाजूला केलं. अबू सईदांनी आम्हाला गावा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, पाजली, खजूर हातात कोंबले.

बिजू साहेबांचा फोन मी बाहेर वाऱ्यात उभा राहून घेतला. जाळीचं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "लोड किसने लगाया? विलास ना? तो उसी का निकला आखिर."

इथे मी क्षणभर गप्प होतो. तो क्षण मला लपवायचा नाही. "हो" म्हटलं असतं तर मी खोटा ठरलो नसतो. माझं आधीचं वाक्यही खरं ठरलं असतं, शेवटचा हात त्याचाच होता. पण मी म्हणालो, "सर, जाली किधर है ये उसको बताना मेरा काम था. मैंने कभी बताया नहीं. गॅस पे जो मेरा शक था वो भी गलत था. सिलिंडर भरा हुआ है." मग ते म्हणाले, "तुमने मुझे ऐसा क्यों बोला था फिर?" त्यांनी व्हिसाचं थांबवलं. टेस्ट पुन्हा लावली.

उतरताना घाटात मी विलासला सगळं सांगितलं. केबिनमधलं वाक्यही. रस्त्यावर नजर होती म्हणून सांगता आलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"रेघ मारलीत तेव्हाच कळलं मला," तो म्हणाला.

"तुला दिसली होती?"

"रोज पुसतो ओ मी तो कप्पा. दिसणार नाय?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्या दिवशी वास येत होता ना, नटाकडून. पाना हातात होता माझ्या. पण आवळला असता तर रेघ सरकली असती. मग काय सांगणार होतो तुम्हाला?"

मी गाडी कडेला घेतली. गॅसच्या कामात आयुष्य गेलेला माणूस मी. गळका नट समोर, पाना हातात, आणि माझ्या रेघेच्या भीतीने तो आवळत नाही. मी त्या दिवशी यार्डात नसतो तर? तो म्हणाला, "चला ओ, थंडी वाजते," तेव्हा मी पुन्हा निघालो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये फादरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ज्याच्यावर संशय घेतला त्याला सांगितलंस का? मी हो म्हणालो. तो काय म्हणाला? मी म्हणालो, थंडी वाजते म्हणाला.

विलास आता ड्रायव्हर आहे. मोठ्या गाड्या तोच गिऱ्हाइकाकडे पोहोचवतो, आणि गालिचे आजही स्वतःच लावतो. दुसऱ्या कोणाला जाळीपासून लोड किती लांब ठेवायचा ते जमत नाही म्हणतो. माझ्याशी नीट वागतो. डबा आणला तर वाटून खातो. पण यार्डातून गाडी काढण्याआधी तो मला बोलावतो, मोबाइल काढतो आणि व्हिडिओ सुरू करतो. आधी सिलिंडर, मग नट, मग जाळी, आणि शेवटी माझा चेहरा.

या मोसमाच्या सुरुवातीला मी म्हणालो, "विलास, आता पुरे की रे. कोण मागतंय हे?"

"कोणी नाय मागत," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साधेपणाने. "पण असू दे." आणि मोबाइल माझ्यासमोर धरून वाट बघत राहिला. "बोला, भाऊ."

मी बोललो. नाव सांगितलं, गाडीचा नंबर सांगितला, गॅस चालू आहे, नट आवळलेला आहे, जाळी मोकळी आहे, मी स्वतः बघितलं आहे, असं सगळं सांगितलं. त्याने तो व्हिडिओ माझ्यासमोर पुन्हा एकदा लावून आवाज नीट आला आहे ना ते ऐकून घेतलं, आणि मगच गाडीची चावी फिरवली.